किल्ला कुठाय?

लेकीनं केंब्रिजला काढलेला माझा फोटो सगळ्यांना पाठवला, तर लगेच भाच्याचा फोन. "आत्या, हिरव्या टेकाडावर उभी आहेस ते दिसलं, पण किल्ला कुठाय?" अरे बाबा, मी ज्यावर उभी आहे तोच किल्ला!

नॉर्मंडीच्या विल्यमनं १०६६ साली इंग्लंड जिंकलं खरं, पण मुलूख ताब्यात ठेवायचा कसा? दगडी कोटाला वर्षं लागतात. मग चर खणायचा, निघालेल्या मातीचं उंच टेकाड रचायचं (ते मॉट), वर लाकडी मनोरा, आणि पायथ्याशी कुंपण घातलेलं आवार (ते बेली). १०६८ मध्ये यॉर्कहून परतताना त्यानं केंब्रिजला हेच केलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या एडवर्डनं तिथे दगडी किल्ला उभारला. पुढे त्याचेही दगड काढून नेले, त्यातले काही किंग्ज कॉलेजच्या बांधकामाला लागले. टेकाड मात्र राहिलं. माती कोण चोरणार?

आमच्या जावयांचं मत असं, की वर पुन्हा लाकडी मनोरा उभारावा, म्हणजे पाहणाऱ्याला काहीतरी कळेल. मला हे मुळीच पटलेलं नाही. मनोरा झाला की सगळे मनोरा बघतील, त्याचे फोटो काढतील आणि घरी जातील. आज तिथे नुसती माती आहे, म्हणून तर विचारावंसं वाटतं, ही रचली कोणी? आणि त्याआधी इथे काय होतं?

दुसऱ्याचं उत्तर विल्यमनंच १०८६ मध्ये करवलेल्या मोजणीत, डूम्सडे बुकात आहे. किल्ल्यासाठी केंब्रिजमधली २७ घरं पाडली. लिंकनला तर १६६. बस्स, आकडा! नावं नाहीत, ती माणसं कुठे गेली तेही नाही.

बायोच्या त्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जचं टेकाड रचणारे मजूर दाखवले आहेत. त्यातले दोघे फावड्यांनी एकमेकांनाच बडवताहेत (मुकादमाचं लक्ष नसावं!). थोडं पुढे एक घर पेटवलंय, आणि एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडते आहे.

नोकरीत असताना "किल्ला कोणी बांधला?" हा प्रश्न मी शेकडो वेळा विचारला असेन. राजाचं नाव आलं की पूर्ण गुण. माती कोणी वाहिली, हे एकाही मुलाला विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तर, "अभ्यासक्रमात नाही" म्हणून खाली बसवलं असतं.

असो. उतरताना गुडघे बोलू लागले. नातू विचारत होता, "आजी, ती २७ घरं नेमकी कुठे होती?" म्हटलं, इथेच कुठेतरी, आपल्या पायाखाली. तर तो पायरीवर थांबून खाली बघायला लागला. जावई अजून मनोऱ्यावर ठाम आहेत.