विश्लेषण: पहिलीपासून इंग्रजी, तरी खान्देशातल्या मुलांचे शब्द मुलाखतीत का अडतात?

'टेल मी अबाउट युवरसेल्फ.' पुण्यात किंवा नाशिकला नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या जळगाव-धुळ्याच्या मुलाला हा प्रश्न येणार हे आधीच माहीत असतं. उत्तर पाठ असतं. 'मायसेल्फ...' म्हणून सुरुवातही होते. पण समोरच्याने मधेच 'या प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलं?' असं इंग्रजीत विचारलं की गाडी थांबते. प्रोजेक्ट त्यानेच केलेला असतो, त्यातली वायर न् वायर त्याला माहीत असते. सांगता मात्र येत नाही.

हा मुलगा पहिलीपासून इंग्रजी शिकलेला असतो, हे यातलं विशेष.

२५ वर्षं झाली, लक्षात कुणाच्या आलं?

२०२५ मध्ये महाराष्ट्रात शाळेतल्या भाषांवरून मोठा वाद झाला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. तिसऱ्या भाषेवर एवढी चर्चा झाली, पण दुसऱ्या भाषेचं काय झालं याची फारशी विचारपूस झाली नाही. त्याच जूनमध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन २५ वर्षं पूर्ण झाली होती. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना २००० साली हा निर्णय अमलात आला. त्याआधी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिल्या तुकडीची मुलं आता तिशीत आहेत.

वाचनाचं थोडंफार मोजमाप तरी होतं. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांना वाचलेल्याचा अर्थही सांगता आला. बोलता किती जणांना येतं, हे त्या चाचणीत तपासलेलंच नव्हतं.

बाकीच्या भाषा कशा आल्या?

खान्देशातल्या मुलाला भाषा जमत नाहीत, असं म्हणायची सोय नाही. घरात 'काय करी राहिना?' म्हणणारा अहिराणी मुलगा वर्गात बाईंशी प्रमाण मराठी बोलतो. भुसावळ, यावल, रावेरकडे घरात लेवा गणबोली असते, सातपुड्यात पावरी आणि भिल्ली. बाजारात आणि रेल्वेत हिंदी. सुरतला कामाला गेला की काही महिन्यांत गुजरातीही येते.

यातली हिंदी कशी आली ते पाहण्यासारखं आहे. शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकाने थोडा हातभार लावला असेल, पण बोलणं आलं ते सिनेमा, बाजार आणि प्रवासातून. त्या हिंदीत लिंगाची गल्लत असते, क्रियापदांना मराठी वळण असतं. तरी ती बोलताना कुणाला घाम फुटत नाही, कारण चुकलं तर कुणी हसत नाही आणि हसलंच तर सगळेच हसतात. इंग्रजीत चूक झाली की मात्र ती भाषेची न राहता माणसाची होते. 'गावंढळ' हा शिक्का एका 'डिड यू वेन्ट'वर बसतो.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचं नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाषा आधी तोंडात होती, कागदावर ती घरच्यांनी आणली. शाळेत इंग्रजीचा क्रम नेमका उलटा आहे: आधी फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत. तोंडाची पाळी थेट मुलाखतीत येते.

वर्गात बोलायला वेळ किती मिळतो?

साधा हिशोब करून पाहू. वर्गात ६० मुलं आणि तास ३५ मिनिटांचा धरला. शिक्षकांनी बाकी काहीही न शिकवता पूर्ण तास मुलांना बोलायला दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा सांगितली आहे. म्हणजे वर्षभरात साधारण दोन तास, तेही सगळं जुळून आलं तर. प्रत्यक्षात धडा, प्रश्नोत्तरं आणि व्याकरण असतं; मुलाच्या वाट्याला 'येस मॅडम' येतं.

इंग्रजी माध्यमात घातलं की प्रश्न सुटतो, असं अनेक पालकांना वाटतं. कॅनडाचा अनुभव वेगळा आहे. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या घरातली मुलं लहानपणापासून फ्रेंच माध्यमात शिकत होती. त्यांना फ्रेंच उत्तम समजायचं, बोलणं मात्र मागे राहायचं. भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचं कारण मांडलं: ऐकायला भरपूर मिळालं, पण स्वतः वाक्यं जुळवून बोलायची वेळ पुरेशी आलीच नाही. सेमी-इंग्लिशमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला 'फोटोसिंथेसिस' व्यवस्थित म्हणता येतं, पण 'मला उशीर का झाला' हे सांगता येत नाही. त्यामागेही हेच असावं.

तोंडी परीक्षेचे २० गुण

दहावीला भाषा विषयांत तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. २०१८-१९ मध्ये ते काढून टाकले गेले. मार्च २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. त्या वादाचा सूर काय होता? राज्य मंडळाची मुलं अकरावीच्या प्रवेशात सीबीएसईच्या मुलांपुढे मागे पडतील. मुलांना बोलता येतं का, हा मुद्दा जवळपास नव्हताच. हे गुण शाळेच्या हातातले, म्हणून निकालाला टेकू देणारे, असंच सगळे धरून चालतात. ज्या शाळेत तोंडी परीक्षा मनापासून घेतली जाते, तिथल्या शिक्षकांचं खरंच कौतुक करायला हवं.

शब्द नेमके कुठे अडतात?

'मी काल आईला घेऊन भुसावळला दवाखान्यात गेलो होतो.' मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत 'आय' म्हटलं की लगेच 'वेन्ट' हवं, तेही भूतकाळात. मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याला आधी अख्खं मराठी वाक्य जुळवावं लागतं, मग शेवटचं क्रियापद उचलून पुढे आणावं लागतं. 'आय...' नंतरचं 'अं...' तिथे जन्माला येतं. कागदावर हीच रिकामी जागा भरायला दोन मिनिटं मिळतात, बोलताना अर्धा सेकंद. 'डिड'नंतर 'गो' येतं हा नियम दहावीच्या मुलाला पाठ असतो; त्या अर्ध्या सेकंदात तो हाताशी येत नाही. म्हणून व्याकरणाचं आणखी एक पुस्तक आणून उपयोग होत नाही.

थांबण्यात चूक काही नाही. आपल्या भाषेतही माणसं थांबतात, पण बहुधा एक कल्पना पुरी झाल्यावर. परकी भाषा बोलणारे वाक्याच्या ऐन मध्यात थांबतात आणि ऐकणाऱ्याला ते खटकतं. मराठीत वेळ काढायला 'म्हणजे कसं', 'तसं बघायला गेलं तर' असे तयार तुकडे असतात. इंग्रजीतही 'द थिंग इज', 'व्हॉट आय मीन इज' असे वीस-पंचवीस तुकडे तोंडात बसले की मधल्या दरीवर पूल पडतो.

मग जमतं कशाने?

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या पाट्या प्रत्येक गावात दिसतात. क्लास वाईटच असतो असं नाही, पण पन्नास जणांच्या बॅचमध्ये बोलणारे शिक्षकच असतील तर शाळेचाच हिशोब पुन्हा लागू होतो.

जगभर वापरली जाणारी एक फुकटची पद्धत आहे. एका विषयावर एकाला चार मिनिटं सांगायचं, तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेत पिट्सबर्गला इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर नेल दे योंग आणि चार्ल्स परफेट्टी यांनी ती तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तोच विषय पुन्हा पुन्हा बोललेल्यांचा ओघ नंतर नव्या विषयावरही टिकला. दर वेळी वेगळा विषय घेणाऱ्यांचा तसा टिकला नाही. 'रोज नवा टॉपिक' देणाऱ्या क्लासांनी याकडे बघायला हरकत नाही.

विषय घरचाच घ्यावा. रावेरच्या मुलाने केळीची लागवड, ठिबक, घडांची कापणी आणि केळी पिकवण्याची खोली सांगावी. धुळ्याच्या मुलीने कापूस वेचणीपासून जिनिंगपर्यंत. माहिती शोधायची नसली की डोकं भाषेसाठी मोकळं राहतं. 'ग्लोबल वॉर्मिंग'वर पाठ केलेल्या भाषणात दोन्ही ओझी एकदम पडतात.

हेल घालवायची घाई नको. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की उच्चारावर मातृभाषेची दाट छाप असली तरी बोलणं नीट समजू शकतं. कष्ट घ्यायचेच तर शब्दातल्या आघातावर घ्यावेत. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. मराठीत असा जोर फारसा महत्त्वाचा नसल्याने आपण सगळी अक्षरं एका वजनात म्हणतो आणि समोरचा 'पार्डन?' म्हणतो.

मोबाइलवरच्या एआयशी बोलण्याचा पर्यायही आता आहे. तो हसत नाही, कंटाळत नाही. गावात राहून क्लासला येऊ न शकणाऱ्या मुलींसाठी ही छोटी गोष्ट नाही. पण तो फार समजूतदार असतो, वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो. मुलाखत घेणारा थांबेलच असं नाही. म्हणून होस्टेलच्या खोलीत चार जण आणि एक टायमर मिळाला, तर शेवटच्या दोन मिनिटांत ऐकणाऱ्याने मुद्दाम मधेच तोडून विचारावं: 'यात तू स्वतः काय केलंस?'