माळावरचा हक्क

कोल्हापुरात डॉक्टरांनी ‘रोज तासभर चाला’ म्हणून सांगितलं, की कुठं चालू असं पेशंट विचारत नाही. शिवाजी विद्यापीठातच चालायचं असतं. उजाडायच्या आत मुख्य इमारतीच्या बाजूला दुचाक्या लागतात. राजारामपुरीतल्या बायका, शाहूपुरीतले व्यापारी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, गुडघ्याला पट्टा बांधलेले निवृत्त मास्तर. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर आलं की चालणारा क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुन्हा चालू लागतो. भरतीची पोरं धापा टाकत पुढं निघून जातात. मागून येणारी ज्येष्ठ मंडळी गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीचा निकाल मतदानाआधीच लावून टाकतात.

यांतल्या बहुतेकांचा विद्यापीठातल्या वर्गांशी कधी संबंध आलेला नसतो. तरी बोलताना ‘आमचं विद्यापीठ’ असंच म्हणतात. पाहुणे आले की रंकाळा, अंबाबाई आणि पन्हाळ्याबरोबर विद्यापीठही दाखवून आणतात. मुंबईकर आपल्या पाहुण्याला मुंबई विद्यापीठाचं कलिना दाखवायला नेत असेल असं मला वाटत नाही.

हा हक्क आपोआप आलेला नाही. राजाराम कॉलेज १८८० सालचं, पण त्याची परीक्षा मुंबई विद्यापीठाची. १९४९ मध्ये पुण्याला विद्यापीठ झालं, मग पुण्याची. कोल्हापूरला स्वतःचं विद्यापीठ हवं, हे स्वप्न आधी पाहिलं ते राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी. गृहस्थ मूळचे पंजाबकडचे, मुलतानचे. कोल्हापुरात राहून त्यांनी शिवचरित्राचे इंग्रजी खंड लिहिले आणि विद्यापीठाचा ध्यास घेतला. ते प्रत्यक्षात उतरलेलं पाहायला मात्र ते राहिले नाहीत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं, तेव्हा सीमेवर चीनशी युद्ध चालू होतं आणि त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा दिवसांत सागरमाळावरच्या मुरमाड जमिनीवर विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. ८५३ एकर जागा घेताना त्यांना लोकांनी वेड्यात काढलं असणार. आज शहर चारी बाजूंनी अंगावर आल्यावर त्या एकरांची किंमत कळते.

पण विद्यापीठाची खरी पायाभरणी १९६२ ची नव्हे, त्याच्या साठ वर्षं आधीची आहे असं मी मानतो. १९०१ साली शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका जातीची, समाजाची वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहत गेली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्यानंतरचा, १९१७ चा. या भागानं शिक्षणाचा विचारच मुळी भाकरीपासून केला. शिकायला आलेलं पोर रात्री कुठं झोपणार आणि काय खाणार, हे आधी ठरलं, वर्ग नंतर. पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ची रीत घालून दिली, बापूजी साळुंखे यांनी गावोगाव शाळा-कॉलेजं नेली. शिवाजी विद्यापीठ सुरू झालं ते या तयार शेतात. म्हणूनच त्याच्या आवारात आजही कमवा व शिका योजनेतली पोरं आहेत. सकाळी ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत ठरलेले तास काम करायचं आणि त्यावर राहण्या-जेवणाचं भागवायचं. या मुलांतला एखादा पुढं अधिकारी होऊन सत्काराला येतो तेव्हा भाषणं होतात. मला तो टेबल पुसून, फायली लावून अकराच्या लेक्चरला धावतो तेव्हाच जास्त पटतो.

सुरुवातीला ३४ कॉलेजं आणि चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. आता संलग्न कॉलेजं तीनशेच्या घरात आहेत आणि विद्यार्थी लाखांत मोजावे लागतात. तेही २००४ मध्ये सोलापूर जिल्हा वेगळा होऊन त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झाल्यानंतर. साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचं विद्यापीठ झालं, आसपास खासगी आणि अभिमत विद्यापीठं आली, मोठी कॉलेजं स्वायत्त झाली. एवढं सगळं होऊनही जतपासून चंदगडपर्यंत आणि महाबळेश्वरपासून आजऱ्यापर्यंत पदवीच्या कागदावर शिक्का याच विद्यापीठाचा.

आणि अडचण इथंच आहे. कोल्हापूर शहराला विद्यापीठ म्हणजे झाडं, तळी आणि सकाळची हवा. जतच्या पोराला ते म्हणजे गुणपत्रिकेवरचा शिक्का. तीन वर्षं गावाकडच्या कॉलेजात शिकून तो सागरमाळावर येतो तो बऱ्याचदा एकदाच, कसल्यातरी कागदासाठी. परीक्षा विभागाच्या आवारात अशी एक बापलेकांची जोडी मी पाहिली. शाळेच्या दाखल्यावर आडनावात एक अक्षर चुकलेलं, ते पुढं सगळीकडं तसंच गेलं. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, आधार, राजपत्राची प्रत, सगळं दोन-दोन झेरॉक्ससह. पहाटेच्या एसटीनं निघालेले. काम तासाभरात झालं. मग परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बाप म्हणाला, “आलोयच तर बघूया की, कुठं बसून शिकत्यात ते.” पोरगा लाजला. विभागाच्या इमारती बाहेरून बघत, एका खिडकीतून प्रयोगशाळेत डोकावून दोघे फाटकाकडं गेले. त्यांना आत या म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. येऊ नका म्हणणारंही नव्हतं.

विद्यापीठ आणि समाज यांचं नातं म्हटलं की हल्ली सामंजस्य करार, दत्तक गाव आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. करारांना माझा विरोध नाही. पण ज्या वेळी नातं उपयोगी पडलं त्या वेळी कुणी फोटोची वाट पाहिली नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली. सगळीकडं पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. तेव्हा विद्यापीठाच्या विहिरी आणि तळ्यांतलं पाणी शहराच्या कामी आलं. माळावर पाणी आलं कुठून? आवारात पडणारा पाऊस आवारातच अडवायचा, ओढ्यांना बांध घालायचे, जुन्या विहिरी साफ करायच्या, तळी खोल करायची, असं काम तिथं आधीपासून झालं होतं. पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, हा मूळ हेतू. शहराची तहान भागली ती त्यातून. स्वतःचं घर नीट लावलेला शेजारीच अडीअडचणीला उपयोगी पडतो.

संशोधनातलं नातं मात्र उलट दिशेचं, घेण्याचं. विद्यापीठाची वनस्पतिशास्त्राची ख्याती सह्याद्रीमुळं आहे. प्रा. श्रीरंग यादव यांनी सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्प, या गटातल्या वनस्पतींवर केलेलं काम जगभर माहीत आहे. नव्या जाती शोधल्या, दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत लावून जगवल्या. कड्याकपारीत उगवणारी ही नाजूक वेल. तिचा कंद डोंगरातले गुराखी पिढ्यान्‌पिढ्या उकरून खात आले. तिचं शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण ती कुठल्या उतारावर आणि कुठल्या पावसानंतर सापडते हे पक्कं ठाऊक होतं. आप्पासाहेब पवारांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित केले तेही याच मातीतलं काम. वि. स. खांडेकरांचं संग्रहालय आवारात आहे. खांडेकरांनी कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं, पदवी नव्हती आणि ज्ञानपीठ मिळालं, ही गोष्ट पदव्या देणाऱ्या संस्थेनं आपल्या अंगणात जपून ठेवावी यात गंमत आहे.

म्हणजे हे विद्यापीठ मोठं झालं ते या भागाकडून घेतल्यामुळं. डोंगर, दफ्तरं, माणसांची माहिती. तरी अजून किती पडून आहे! उसाखाली गेलेली आणि खारवटलेली शिरोळकडची जमीन, दर काही वर्षांनी येणारा महापूर, इचलकरंजीचे बंद पडत चाललेले माग, उद्यमनगरातल्या भट्ट्यांवर आठवी-नववीत शाळा सोडून लागलेली आणि पुढं मशीनचा बारीकसारीक दोष आवाजावरून सांगणारी माणसं. यांवर प्रबंध झालेच नाहीत असं नाही. झाले, बांधून कपाटात गेले. शिरोळच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर कुणीतरी पीएच.डी. झालंय हे कळवायची पद्धत आपल्याकडं नाही. खरं तर तोंडी परीक्षेला त्यालाच बोलवायला हवं. एखाद्या बहिस्थ परीक्षकापेक्षा तो अवघड प्रश्न विचारेल.

आणि प्रबंध करवून घेणारे तरी किती उरलेत? सार्वजनिक विद्यापीठांतली मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात हे राज्यभरचं दुखणं आहे. निवृत्त झालेल्याच्या जागी माणूस येत नाही, आला तर तासिका तत्त्वावर. या तासाचे इतके, त्या तासाचे तितके, सुट्टीत शून्य. नेट, सेट, पीएच.डी. झालेला तरुण तीन कॉलेजांत धावपळ करून महिना भरतो. तो गुराख्याबरोबर डोंगर चढायला कधी जाणार? नॅकच्या मूल्यांकनात विद्यापीठाला ए प्लस प्लस मिळाला, याचा आनंद मलाही झाला. श्रेणी मिळाली ती असलेल्या माणसांच्या जिवावर. नसलेल्यांची मोजदाद तिथं होत नाही.

कोल्हापूरकर मोर्चाला कमी नाहीत. टोलविरोधात गाव रस्त्यावर आलं, उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आलं. विद्यापीठाच्या नावाचा ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ असा विस्तार करावा की करू नये यावरही दोन्ही बाजूंनी आवाज उठले. संस्थापकांनी विचारपूर्वक दिलेलं सुटसुटीत नाव राहावं असं माझं मत आहे, आणि उलट मत असणाऱ्यांचा महाराजांवरचा जीव माझ्यापेक्षा कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण रिकाम्या खुर्च्यांसाठी, वाढत्या फीसाठी, विनाअनुदानित तुकड्यांसाठी बिंदू चौकातून मोर्चा निघाल्याचं पाहायचं अजून राहिलंय. संघटना निवेदनं देतात, प्राध्यापक धरणं धरतात. गाव येत नाही. गावाचा हक्क हिरवळीपर्यंत येऊन थांबतो.

कायद्यानं एक दार उघडं ठेवलं आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणं नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून पाठवतात. अंदाजपत्रक अधिसभेपुढं येतं, प्रश्न विचारता येतात, उत्तर द्यावं लागतं. निवडणूक मात्र पॅनेलची असते. ज्याच्याकडं कॉलेजं आणि गाड्या, त्याच्याकडं मतं. पदवीधर म्हणून नाव नोंदवायचं असतं हेच कित्येक पदवीधरांना ठाऊक नसतं. चालायला येणाऱ्या एका बँक अधिकाऱ्यांना मी विचारलं, तुमची नोंदणी आहे का? ते याच विद्यापीठाचे एम.कॉम. म्हणाले, “कसली नोंदणी? फिरायला पास काढावा लागणार काय आता?”

त्यांना अर्जाची माहिती दिली. पुढच्या फेरीला त्यांनी स्वतःहून विचारलं, बायकोही बी.ए. आहे, तिचंही होईल का?