आमची आळी : दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याचा नियम

आषाढ लागला आणि आळीनें आपलें पावसाळी रूप धारण केलें. कोपऱ्यावरील जुना वाडा गेल्या वर्षीं पाडला गेला. त्याच्या जागीं नव्या इमारतीसाठीं खणलेला खड्डा पहिल्या दोन सरींतच तळ्यासारखा भरला आहे. पंढरीच्या पालख्या पुण्याचा मुक्काम आटोपून पुढें गेल्या, आणि देवळामागचा बंद पडलेला दिवा एकदांचा लागला. अशा बारीकसारीक वार्ता व गृहकृत्यांच्या आठवणी आम्ही या सदरांत दर महिन्यास देत असतों. या खेपेस मात्र आठवणी देण्यापूर्वीं एक कबुली देणें आम्हांस प्राप्त आहे.

गोष्ट गेल्या भाद्रपदांतली. आमच्या खालच्या मजल्यावरील सात वर्षांच्या मुलास सणकून ताप भरला. निदान डेंग्यूचें झालें आणि पांच रात्री त्याला रुग्णालयांत काढाव्या लागल्या. ‘सर्वांनीं आपापल्या घरांतील सांचलेलें पाणी तत्काळ काढून टाकावें’ अशी सूचना जिन्याच्या फलकावर लागली. तिचा मसुदा आमचा, आणि खालीं सहीही आमचीच! दोन दिवसांनीं महापालिकेच्या आरोग्यखात्याचा एक मनुष्य तपासणीस आला. त्यास आम्हीं मोठ्या दिमाखानें सारें घर दाखविलें. सज्ज्यांत आमच्या आजोबांच्या वेळचें पितळी घंगाळ ठेवलें आहे. त्यांत पाणी घालून वर तगरीचीं फुलें सोडण्याची आमच्याकडे हौस. त्या मनुष्यानें फुलें बाजूस सारून विजेरीचा झोत टाकला. तळाशीं अळ्या वळवळत होत्या.

त्या मुलास याच घंगाळांतला डास चावला असें कोणी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. परंतु तो चावला नाहीं, असें आम्हीही सांगूं शकत नाहीं. दोन दिवस हें शल्य मनांत बाळगून अखेर आम्ही खालीं गेलों आणि मुलाच्या आजींस झालें तें सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सांगायला आलांत, हें बरें केलेंत. त्या माणसाला आमच्याही फ्रिजमागच्या ताटलींत तेंच सांपडलें. आपल्या घरांत आपल्याला दिसत नाहीं हो! आतां असें करूं : रविवारीं तुम्ही आमचें घर बघा, आम्ही तुमचें बघतों.”

वाचकहो, मुद्दा काय तो एवढाच आहे. घर आपलें म्हटलें कीं नजर सरावते, आणि सूचना सर्वांना उद्देशून लिहिली कीं ती दुसऱ्यासाठींच आहे असें प्रत्येकास वाटतें. एकत्र कुटुंबांत तर हें विशेषच. घरांत माणसें दहा, म्हणून प्रत्येक काम दुसऱ्या कोणी केलेंच असेल अशी नऊ जणांची खात्री असते. त्या रविवारपासून आमच्या इमारतींत घरांच्या जोड्या लावल्या आहेत. या महिन्याच्या आठवणी त्याच दृष्टीनें वाचाव्या, अशी विनंती आहे.

पहिली आठवण सांचलेल्या पाण्याची. डेंग्यू पसरविणारा एडिस डास गटारांत नव्हे, तर घरांतल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो, आणि चावतो तो दिवसा. अंड्याचा डास होण्यास सुमारें ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पाणी ओतून टाकणें पुरतें, पण तो आठवडा चुकवून चालत नाहीं. अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून कोरड्यांतही कित्येक महिने तग धरतात. यास्तव नुसतें पाणी न ओततां भांडें आंतून घासावें. फ्रिजमागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा, बाटलींत लावलेला वेल, पक्ष्यांसाठीं ठेवलेलें पाण्याचें भांडें व गच्चीवरील अडगळ, एवढीं ठिकाणें शेजाऱ्यानें पाहावीं. ताप आल्यास मनानें ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊं नये. डेंग्यूंत त्यानें रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरतांना पोटांत तीव्र वेदना, वारंवार उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास ‘ताप तर गेला’ म्हणून स्वस्थ न बसतां तडक रुग्णालय गांठावें.

दुसरी आठवण टाकीची. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी नळांनीं शहरांतील हौदांवर येई. हौद डोळ्यांसमोर असे, त्यामुळें घाण झाली तर ती चारचौघांस दिसे. आजची टाकी गच्चीवर नाहींतर जमिनीखालीं असते आणि तिचें दर्शन कोणासच घडत नाहीं. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या परिसरांत गुलेन-बॅरे विकाराची सांथ उद्भवली, तेव्हां दूषित पाण्याचा प्रश्न साऱ्या शहरापुढें उभा राहिला. हातापायांतील बळ जाऊन धडधाकट माणसें अंथरुणास खिळलीं, कित्येकांस कृत्रिम श्वासावर ठेवावें लागलें. तो धडा विसरण्याजोगा नाहीं. टाकी वर्षांतून दोनदां धुवावी. अक्षय्यतृतीया व दिवाळी या तिथींस तें काम जोडून दिलें म्हणजे विसरत नाहीं. ज्यांची अक्षय्यतृतीया हुकली असेल त्यांनीं आतां दिवाळीची वाट पाहूं नये. पाण्यास वास अथवा गढूळपणा आला तर तें खळखळून उकळल्यावांचून पिऊं नये.

तिसरी आठवण स्वयंपाकघराची. गॅसच्या टाकीच्या मानेशीं ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांवर आंतल्या बाजूस एक इंग्रजी अक्षर व दोन आंकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर; पुढील आंकडे सालाचे. ही टाकीच्या पुढील तपासणीची मुदत होय. ती उलटून गेलेली टाकी दारांतूनच परत करावी. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी, आणि भेगा दिसल्यास त्याआधींच. हा वायु हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत सांचतो. वास येतांच रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या, विजेचें कोणतेंही बटण दाबूं नये, आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

चौथी आठवण कचऱ्याची. पुण्यांत अनेक घरांतील कचरा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कष्टकरी स्त्रिया नेतात. सुका कचरा त्या हातांनीं वेगळा करतात आणि त्यांतील विकाऊ वस्तूंवर त्यांची कांहीं मिळकत अवलंबून असते. आपण फुटलेला पेला तसाच पिशवींत टाकतों, तेव्हां तो कोणाच्या तरी तळहाताची वाट पाहत असतो. कांच जाड कागदांत गुंडाळून वर ‘कांच’ असें लिहावें. सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे डायपर वेगळे बांधून त्यांवर लाल ठिपका द्यावा. ओलें-सुकें वेगळें ठेवण्याची आठवण आमच्या भगिनींस दरमहा करण्यांत येते. या महिन्यांत ती आम्ही घरांतील पुरुषवर्गास करीत आहोंत.

कोपऱ्यावरील खड्ड्याविषयीं चार घरचे मिळून बांधकामावरील मुकादमास भेटलों. त्यानें पंप लावून पाणी उपसण्याचें कबूल केलें आहे. तथापि रविवारच्या फेरींत त्या कांठावरही एकदां डोकावावें, हें बरें.

आमचें घंगाळ आतां सज्ज्यांत पालथें असतें. परवां तो मुलगा आजींबरोबर वर आला, आणि त्यावर ठेका धरून बसला. आजींनीं आधीं त्यास उठविलें, घंगाळ उचलून खालीं पाहिलें, आणि मगच त्या चहाला बसल्या.