डोंबिवलीचं पाणी विजेवर चालतं, मग सरकारी नळ वाहतो कशाला?

महावितरणची मोठी दुरुस्ती निघाली की डोंबिवलीत नळ कोरडे पडतात. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो आणि घरोघरी पिंप, बादल्या भरायची धावपळ सुरू होते. लाईट जाणार तिकडे, मग पाणी आपलं का जातं, असं मुलं विचारतात. कारण साधं आहे. आपलं पाणी उल्हास नदीतून पंपाने उपसलं जातं, मोहिली, बारावे, नेतिवलीच्या केंद्रांत शुद्ध होतं आणि पुन्हा पंपानेच टाक्यांत चढवलं जातं. पंप थांबला की नळ थांबला.

म्हणजे सरकारी इमारतीतला नळ गळत असेल तर पाण्याबरोबर वीजही गळते. पैसे आपल्याच करातून जातात.

या शहराला बचत जमत नाही असं मात्र नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने 2007 पासून नव्या इमारतींना सौर पाणी तापक सक्तीचा केला. हे काम पोस्टर चिकटवून झालं नाही. बिल्डरची परवानगीच त्याला बांधली, म्हणून झालं.

सरकारी कार्यालयांत अशी गाठ कुठे आहे? राज्य सरकारने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा वीज, पाणी आणि इंधन वाचेल हेही एक कारण दिलं होतं. पण सुट्टीच्या दिवसाचं वाचलेलं बाकीच्या पाच दिवसांत उडवलं तर हाती काय उरणार? एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तरी सुमारे 6 टक्के वीज वाचते. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज आठ तास, वर्षाचे 250 दिवस धरले तर एका पंख्यामागे 90 युनिट वाचतात. एका कार्यालयात असे पंखे किती असतात, तुम्हीच मोजा.

आमच्या मते खरी अडचण वेगळीच आहे. घरात बिल आलं की अब्बा ओरडतात, अम्मी गिझर बंद करते. कार्यालयात जो बटण दाबतो त्याला बिल कधी दिसतच नाही, ते थेट लेखा विभागात जातं. ओरडणार कोण?

(आपल्या वुजूखान्यांचंही थोडं असंच आहे. नदीकाठी बसलो तरी वुजूला पाणी उधळू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तोटी पूर्ण सोडून गप्पा मारतो.)

म्हणून आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या दारात एक फळा लावा. या महिन्याचे विजेचे युनिट, पाण्याच्या मीटरचं रीडिंग आणि शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे. याला खर्च खडूचा. तोवर आपल्या प्रभाग कार्यालयाची मागच्या 12 महिन्यांची बिलं माहिती अधिकारात कुणालाही मागता येतात. अर्जाची फी 10 रुपये आहे.