ताऱ्यांचे इंधन आणि नाशिकचे रूळ

पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्न हा वस्तुतः प्रवाशांच्या सोयीचा आणि शेतमालाच्या वाहतुकीचा प्रश्न. त्यात ताऱ्यांच्या जन्ममरणाची चर्चा शिरावी, हे वरकरणी विपरीतच वाटेल. परंतु रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२५ मध्ये संसदेत जे सांगितले, त्यानंतर ती चर्चा टाळता येण्याजोगी राहिलेली नाही. नारायणगावावरून जाणारा सरळ मार्ग खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय आणील, म्हणून तो सोडून शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने गाडी न्यावी, असा पर्याय सरकारने पुढे केला. ‘आकाशातल्या ताऱ्यांसाठी जमिनीवरच्या माणसांची गाडी अडवायची काय?’ असे जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांतील कोणी विचारले, तर त्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार शहरातल्या सुशिक्षितांना नाही. त्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. आणि ते देण्यापूर्वी खोडदला काय चालते, हे समजून घेतले पाहिजे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही दुर्बीण कै. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तारांची हलकी जाळी वापरून त्या कमी खर्चात उभारण्याची युक्ती येथलीच. ही दुर्बीण डोळ्यांना दिसणारा प्रकाश पाहत नाही. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते.

या लहरींचे महत्त्व कशात आहे? तारा हा वायूपासून घडतो. मुख्यतः हायड्रोजनचा थंड, विरळ मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावतो; त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेले, की हायड्रोजनच्या केंद्रकांचे हेलियममध्ये रूपांतर होऊ लागते आणि तारा प्रज्वलित होतो. मोठे तारे अखेरीस स्फोट पावून कार्बन, प्राणवायू, लोह ही मूलद्रव्ये अवकाशात विखरून टाकतात व त्यांतून पुढच्या पिढीचे तारे आणि ग्रह घडतात. ज्या लोखंडाच्या रुळांवरून हा वाद चालला आहे, ते लोखंडही असेच पूर्वीच्या ताऱ्यांच्या पोटी जन्मले. मात्र तारा होण्यापूर्वीचा थंड हायड्रोजन साध्या दुर्बिणीला दिसत नाही. तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीची अतिशय क्षीण रेडिओ लहर सोडतो. त्याचा ठावठिकाणा लावण्याची खूण ती हीच.

विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. त्यात ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी तारकानिर्मितीला मोठा बहर आला होता. आज तिचा वेग त्यावेळच्या सुमारे एक दशांशावर उतरला आहे. हा बहर का ओसरला, हे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. त्या प्राचीन दीर्घिकांतला हायड्रोजन मोजल्याखेरीज ते सुटणार नव्हते, आणि एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की तो पकडणे अशक्य. पुणे व बंगळुरू येथील संशोधकांनी खोडदच्या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र मिळविले. एका मुलाचे पुटपुटणे वर्गाबाहेर ऐकू येत नाही, पण साऱ्या वर्गाने एका सुरात म्हटलेला पाढा ऐकू येतो, तसेच हे. २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्या दीर्घिकांजवळचा वायू त्यावेळच्या वेगाने १०० ते २०० कोटी वर्षांतच संपून जाणारा होता. बाहेरून पुरेसा नवा वायू आला नाही. इंधन आटले आणि निर्मिती मंदावली. विश्वाच्या इतिहासातले हे पान जुन्नर तालुक्यात वाचले गेले, याचा अभिमान त्या तालुक्यालाही वाटावयास हवा.

आता अडचण पाहा. विश्वाच्या प्रसरणामुळे त्या दीर्घिकांची २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत पोहोचेतो ताणून दुप्पट लांब झालेली असते. आणि भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी यांची वर्दळही त्याच लहरींच्या आसपास आहे. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्या, गाडीतील संदेशयंत्रणा, शेकडो प्रवाशांचे दूरध्वनी या साऱ्यांचा गोंगाट त्या संदेशाच्या मानाने प्रचंड ठरतो. डोंगरांचा आडोसा व रेडिओ लहरींची शांतता पाहूनच ही जागा निवडली गेली. रूळ वळवता येतात; तीस तबकड्या आणि त्यांच्याभोवतीची शांतता उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून दुर्बिणीचे रक्षण झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु एवढे म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. आज पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचे तर कल्याणचा वळसा पडतो. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर या पट्ट्याने गाडीची वाट अनेक वर्षे पाहिली. विज्ञान साऱ्या देशाचे आणि त्याची किंमत मात्र एका तालुक्याची, हा न्याय नव्हे. गोंगाट किती होईल, किती अंतरावरून गाडी गेली तर तो सुसह्य ठरेल, बोगद्याने अथवा थोड्या वळणाने काही साधेल काय, याचा तांत्रिक अहवाल मराठीत, लोकांपुढे ठेवला पाहिजे. सरळ मार्ग सर्वथा अशक्यच ठरला, तर या भागाला जोडणारी दुसरी खात्रीची व्यवस्था, तिच्या मुदतीसह, जाहीर झाली पाहिजे.

ज्या दीर्घिकांचा वायू बाहेरून भरून आला नाही, त्यांतील तारकानिर्मिती आटली. विज्ञानसंस्थांनाही बाहेरून एक पुरवठा लागतो, तो लोकांच्या सद्भावनेचा. खोडदच्या भोवतालची माणसे दुर्बिणीकडे आपल्या गाडीची वैरीण म्हणून पाहू लागली, तर तो पुरवठा तुटेल. आणि त्याचा दोष ताऱ्यांचा नसून, लोकांना विश्वासात न घेणाऱ्या सरकारचा असेल.