कडक स्प्रिंगचा सोस

राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलचं सुवर्ण जिंकलं आणि माझ्यासारख्या वीकेंड नेमबाजालाही किडा चावला. नेम सुधारण्याऐवजी मी पॉइंट टू-टू पिस्तुलात कडक रिकॉइल स्प्रिंग घातली. झटका कमी होईल ना! झालं उलटंच. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसाने स्लाइड पुरती मागेच जाईना, रिकामी पुंगळी दारातच अडकायची. रॅपिडमध्ये लक्ष्य जेमतेम तीन सेकंद समोर असतं... गेली सिरीज!

अमरावतीला गॅरेजवाल्या मामापुढे रडगाणं गायलो. मामा म्हणे, "अबे, शॉकअप कडक केल्यानं रस्त्याचे खड्डे बुजतेत काय?"

इंजिनिअर भाचा गप्प. गोळीचा संवेग तोच, तर एकूण झटकाही तेवढाच. तो किती वेळात हाताला बसेल, एवढंच स्प्रिंगच्या हाती. फार कडक असली तर स्लाइड जोरात पुढे येते, नळीचं तोंड खाली झुकतं. फार सैल असली तर ती मागे फ्रेमवर आदळते. म्हणून मंडळी, आधी काडतूस ठरवा, मग त्याची पुंगळी दरवेळी बिनचूक बाहेर फेकणारी स्प्रिंग. बहुतेकदा ती कंपनीचीच निघते.

माझी कडक स्प्रिंग सध्या अकोल्याच्या घरी खणात पडून आहे. परवा आईचा फोन : "ही कायची स्प्रिंग आहे रे? फेकू काय?"