छंदाचा एक तास

वर्ष सरताना हिशेब मांडण्याची रीत व्यापारी पेठेला नवी नाही. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी ओळखल्या जाणाऱ्या, 'जालना सोने का पालना' ही म्हण मिरवणाऱ्या जालना शहराला तर नाहीच. पाडव्याला येथे वह्यांचे पूजन होते, जमाखर्च तपासला जातो. अशा गावात एखाद्या गृहिणीने 'या वर्षी काही पुस्तके वाचली, एक स्वेटर विणला आणि आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे सावकाश धावले' असा वर्षाचा हिशेब सांगितला, तर ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर पहिला प्रश्न उमटतो, 'पण त्यातून मिळाले काय?' विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तरीही या प्रश्नाचा विचार व्हायला हवा. कोणती गोष्ट मोलाची आणि कोणती निरुपयोगी, याविषयीची समाजाची समजूत त्यातून दिसून येते.

या प्रश्नाचे एक उत्तर जालना जिल्ह्याच्याच मातीत आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी पुढे नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे काढली. सूर्यनमस्कार, ग्रंथांचे अध्ययन आणि ग्रंथ स्वहस्ते उतरवून घेणे, अशी त्या काळातील त्यांची दिनचर्या परंपरेने सांगितली आहे. त्यांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. दासबोधातील एक संपूर्ण समास तर लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. सामान्य माणसाच्या छंदाची तुलना समर्थांच्या साधनेशी करण्याचे कारण नाही. परंतु शरीर, हात आणि बुद्धी या तिन्हींना नित्य काम मिळाले पाहिजे, ही दृष्टी कोणत्याही घराने उचलावी अशी आहे. धावणे, विणणे आणि वाचणे या तीन साध्या गोष्टी नेमके हेच साधतात.

वाचनाचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगावे लागू नये. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि सभा-संमेलनांनाही सरकारची परवानगी लागत असे. त्या काळात मराठी वाचनालय चालवणे हेच एक धाडस होते. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे, तर मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्याआधीच वाचणाऱ्यांनी आपली भाषा जिवंत ठेवली होती. आज कोणताही अडसर नाही. १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचा आधारही मिळाला. पण अनेक वाचनालयांतील गर्दी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिसते, कादंबरी आणि चरित्रांच्या कपाटासमोर नाही. गुणांसाठी वाचणारा मुलगा परीक्षा संपताच पुस्तक मिटतो. आनंदासाठी वाचणारी आई मात्र ते आयुष्यभर उघडे ठेवते आणि तिला पाहून मुलेही वाचू लागतात.

विणकामाची कथा अशीच आहे. एके काळी शाळेत मुलींना सुयांवर टाके घालायला शिकवीत. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशभरातील महिलांनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. आता बाजारात यंत्रावरचा स्वेटर लोकरीच्या किमतीतही मिळून जातो, तेव्हा विणायचे कशाला, असे विचारले जाते. जालन्याचा हिवाळा आखूड. थंडीत अंगावर घालायचे असेल, तर लोकरीचा गुंडा नवरात्रातच हाती घ्यावा लागतो. सुलट-उलट टाक्यांचा हिशेब चुकला आणि ती चूक चार ओळींनंतर ध्यानात आली, तर चारही ओळी उसवाव्या लागतात. चूक मान्य करून मागे जाण्याची आणि न रागावता पुन्हा पुढे येण्याची ही सवय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. शिवाय नातवासाठी विणलेल्या टोपड्यामोज्यांची किंमत कोणी करीत नाही. ते वापरून लहान झाले, तरी पेटीत जपून ठेवले जातात.

धावण्याविषयीचा गैरसमज मोठा आहे. धावणे म्हणजे शर्यत, आणि शर्यत म्हणजे तरुण मुलांचे काम, असे मानले जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर या खेळाकडे वळला आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. त्याचा अभिमान मराठवाड्याने बाळगावाच. परंतु धावणाऱ्या प्रत्येकाने साबळे होण्याची आवश्यकता नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोबतिणीशी बोलता येईल एवढ्या वेगाने, फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात ऊन चढण्यापूर्वी, मोती तलावाच्या परिसरात किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर धावले, तरी हे प्रमाण सहज पुरे होते.

या छंदांना आज दोन धोके आहेत. पहिला मोजदादीचा. किती पुस्तके, किती किलोमीटर, किती पदके, याचे आकडे मोबाइलवर झळकू लागले की छंदाचीही रोजमेळ वही होते. मग जाडजूड ग्रंथ टाळून पातळ पुस्तके निवडली जातात आणि दुखऱ्या गुडघ्यानेही अंतर पुरे केले जाते. नोंद ठेवण्यात गैर काही नाही. परंतु नोंद छंदासाठी असावी, छंद नोंदीसाठी नव्हे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, कारण तो घरातला आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे 'तिला छंदाला वेळ मिळत नाही' हे विधान अर्धवट आहे. तिचा वेळ कोणीतरी वापरीत असतो, हे त्याचे पूर्ण रूप. कुटुंबव्यवस्थेचा गौरव करणाऱ्या समाजाने हा आकडा नजरेआड करू नये. कुटुंब टिकते ते परस्परांच्या देण्याघेण्यावर, एकाच्या अखंड देण्यावर नव्हे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ चा भीषण दुष्काळ सोसला, जेथे स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यामागे फिरल्या, तेथे छंदाच्या गोष्टी म्हणजे चैन नव्हे काय? ज्या घरात पाणी आणि मजुरी यांचीच विवंचना आहे, तेथे आधी पाणी आणि मजुरी पोचली पाहिजे, यात शंका नाही. परंतु ज्या घरात नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे, त्या घराने कष्टकरी स्त्रीचे दुःख पुढे करून स्वतःच्या घरातील स्त्रीचा तास नाकारावा, हे न्यायाचे नाही. यंत्रांनी वाचवलेला वेळ गेला कोठे, याचा हिशेब अशा घराने द्यायला हवा.

उपाय अवघड नाही. दिवसातील एक तास घरातील प्रत्येकाचा स्वतःचा, हे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. त्या तासात पहाटेचा चहा मुलाने करावा, संध्याकाळची भाजी नवऱ्याने निवडावी, सासूबाईंनी 'आता कुठे निघालीस?' असे विचारू नये. सासूबाईंनाही त्यांचा तास मिळावा. वाचनालयाची वर्गणी किराणा आणि विजेच्या बिलाबरोबर घरखर्चात धरावी. पुढच्या पाडव्याला वही उघडताना नफ्यातोट्याच्या रकान्यांशेजारी आणखी एक ओळ लिहिता यावी : या वर्षी घरातील कोणाकोणाला स्वतःचा तास मिळाला. त्या ओळीत गृहिणीचे नाव नसेल, तर ताळेबंद जुळला असे त्या घराने समजू नये.